अठ्ठावीस-दोनशेची लेन्स

माझ्या नवऱ्याचा शेवटचा फोटो मीच काढला. हौस म्हणून नाही. राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत फोटोग्राफर एकच होता, आणि तोच भिंतीला टेकवून बसवलेला होता. गळ्यात हार, हनुवटी पडू नये म्हणून फडक्यानं बांधलेली. सगळे म्हणाले, रत्नाकरचा एक फोटो पाहिजे, बाराव्याला फ्रेम लागेल. काढणार कोण? मी उठले, खालच्या स्टुडिओतून कॅमेरा आणला, फोकस केला. माझं कुंकू अजून पुसायचं होतं. ते काम बायकांनी फोटो झाल्यावर केलं.

लग्नाची सगळी वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलं होतं. फ्लॅश धरणं, रील भरणं, अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढणं. काम मला येत होतं, म्हणून तो गेल्यावरही स्टुडिओ बंद केला नाही. पण लग्नाची ऑर्डर एकही आली नाही. आली ती मर्तिकांची. आमच्या लोकांत कुणी गेलं की निरोप यायचा, ‘शकुंतलाबाईंना बोलवा.’ त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. रांडमुंड बाई आणि प्रेत, जोडी जमली.

आमचे लोक म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बेंगळुरात आलेले मराठे. असं आम्ही सांगतो. घोडे मेले, तलवारी मोडीत गेल्या. आता कुणी बँकेत आहे, कुणाचं कापडाचं दुकान आहे. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि डोक्यात अजून तेच जुनं सोवळं. मी सहा वर्षं त्यांची मेलेली माणसं काढली. जिवंत एकही नाही.

मग सत्त्याण्णव साली माझ्या भव्याचं लग्न ठरलं.

मुलगा व्यंकटेश, बनशंकरीचा, सरकारी कंपनीत नोकरीला. मुलगा वाईट नव्हता. त्याची आई सकवारबाई मात्र चहा पितानासुद्धा डोळ्याच्या कोपऱ्यातनं माझ्या कपाळाकडे बघत होती. बोलणी माझ्या थोरल्या दिरांनी केली, नागोजीभावजींनी. कन्यादान तेच करणार होते, जोडीनं. ते मी धरूनच चालले होते. मी एकच गोष्ट मागितली.

“भावजी, फोटो मी काढणार.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “त्यांचा फोटोग्राफर ठरलाय.”

“असू दे. तो त्यांचे काढेल. मी माझे काढीन.”

“शकुंतला, तुला कळतं ना मी काय बोलतोय ते?”

“कळतं. मी नवरीची आई आहे. मी फोटोग्राफर आहे. मंगळसूत्र बांधतानाचा एक फोटो माझ्या हातचा पाहिजे. एक. बाकी तुम्हीच ठेवा.”

जाऊबाई आतून म्हणाल्या, “पोरीच्या गळ्यात मणी पडताना तू समोर उभी राहणार? जीभ कशी उचलते गं तुझी?”

“जीभ नाही अक्का, कॅमेरा उचलणार आहे.”

भावजी हसले. त्या हसण्याचा मला राग येतो, अजून येतो. समजूतदार माणसाचं हसणं. म्हणाले, “बरं. छत्रात शेवटी, जेवणघराच्या दाराशी एक खांब आहे. त्याच्या मागे उभी राहा आणि काढ काय काढायचं ते. खांबाच्या पुढे मात्र यायचं नाही. अक्षता पडल्या की मग बघू. सरी?”

बेंगळुरात मंगल कार्यालयाला छत्र म्हणतात, आणि ‘सरी’ म्हणजे ठीक. त्या छत्राच्या शेवटापासून मंडपापर्यंत एवढं अंतर होतं, की तिथून नवरी कोण आणि करवली कोण हे साडीच्या रंगावरून ओळखावं लागेल. भव्या कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नखं कुरतडली.

“सरी,” मी म्हणाले.

हे ‘सरी’ मी का म्हणाले, हे नीट सांगायला पाहिजे. मला वाटलं, मी जिंकले. वाटलं, अंतर हे काय, काचेनं कापता येतं. माणसांशी भांडण्यापेक्षा लेन्स बदलणं सोपं.

रत्नाकरच्या दोन लेन्स होत्या. एक पन्नास मिलिमीटरची, उजेडाची भुकेली नसलेली, अंधाऱ्या खोलीतही काम करणारी. दुसरी एकशे पस्तीसची, चेहरे काढायला. दोन्ही त्यानं जिवापाड जपलेल्या. त्या पिशवीत घालून मी अ‍ॅव्हेन्यू रोडच्या मागच्या गल्लीत शिवाप्पाकडे गेले. शिवाप्पा जुने कॅमेरे घ्यायचा-विकायचा. रत्नाकरला ओळखायचा. मराठी समजायचं त्याला, बोलायचा आपल्या पद्धतीनं.

“बा अक्का, ये, बस. काय पाहिजे?”

“झूम. सगळ्याला चालेल अशी एकच. घरातल्या खोलीत चार भिंतीही याव्यात आणि लांबचा चेहराही यावा.”

“सगळ्याला चालणारी?” तो हसला. “अशी बायकोपण मिळत नाय अक्का.”

त्यानं काउंटरवर तीन मांडल्या. पहिली पस्तीस-सत्तर. आखूड, जड, पुढची काच मोठी. “ही घे. उजेड चांगला ओढते, लग्नाला एक नंबर.” दुसरी सत्तर-दोनशेदहा, नळकांड्यासारखी. “ही लांबचं बघते, पण खोलीत बेकार. पाठ भिंतीला लागेल तुझी.” तिसरी अठ्ठावीस-दोनशे. तिच्यावर त्यानं नुसतं बोट ठेवलं. “ही सगळं करते. म्हणजे काहीच नीट करत नाय. लांब खेचली की अंधारी होते, कडा मऊ पडतात. टूरिस्ट लोक घेतात. आता तर रीलशिवायचे कॅमेरे येतायत म्हणे बाहेरच्या देशात, तिकडे जाईल ही सगळी रद्दी.”

मी अठ्ठावीस-दोनशे कॅमेऱ्याला लावली आणि दुकानाच्या पायरीवर आले. अठ्ठावीसवर अख्खी गल्ली दिसली, दोन्ही बाजूंची दुकानं, हातगाड्या, वर तारांचं जाळं. मग लेन्सचं कडं फिरवलं. गल्ली आत ओढली गेली आणि टोकाला बसलेली फुलवाली समोर आली. तिच्या नाकातली चमकी दिसली. ती दोरा दातानं तोडत होती. तिला पत्ताही नव्हता की कुणी इतक्या जवळून तिला बघतंय.

शिवाप्पा मागे येऊन उभा राहिला. “अक्का, तू मर्तिकाचे फोटो काढते ना? प्रेताला झूम कशाला? ते काय पळून जातं?”

“मुलीचं लग्न आहे.”

“अय्यो, मग तर पस्तीस-सत्तर! समोर उभी राहा, मस्त येतात. मुलीचं लग्न, स्वतः आई...”

तो थांबला. माझ्या कपाळाकडे पाहिलं त्यानं. मग गळ्याकडे. मी कॅमेरा खाली घेतला नाही. फुलवालीलाच बघत राहिले.

“सरी,” तो म्हणाला, अगदी हळू. पस्तीस-सत्तर त्यानं स्वतःच उचलून कपाटात ठेवली. रत्नाकरच्या दोन्ही लेन्स बदल्यात घेतल्या आणि अठ्ठावीस-दोनशे पुसून डब्यात घालून दिली. दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, “अक्का, स्टँड लाव. हात हलला तर काय पण दिसणार नाय. आणि उजेड बघ. मागून फ्लॅश पोचणार नाय.”

तो पहिला माणूस ज्यानं मला नियम सांगितला नाही, फक्त उजेडाबद्दल बोलला.

मी तयारी केली. अशी तयारी मी आयुष्यात कधी केली नाही. लग्नाच्या आधी छत्रात जाऊन त्या खांबाशी स्टँड लावून पाहिला. कमी उजेडात चालणारं फास्ट रील घेतलं. व्हिडिओवाला रविकुमार, त्याला गाठलं. त्याच्याकडे हॅलोजनचा मोठा दिवा असतो, डोळे दिपवणारा.

“दिवा कुठे धरणार?”

“मंडपाच्या डाव्या बाजूला, आंटी. का?”

“मणी बांधताना हलवू नकोस. नवरीच्या तोंडावर ठेव.”

“ठेवतो. पण आंटी, तुम्ही पुढेच या ना. जागा करतो.”

“तू दिवा सांभाळ.”

त्याच्या दिव्यात माझं काम होणार होतं. हिशेब करून पाहिला, दोनदा. उजेड, अंतर, स्टँड, रील. सगळ्याचा विचार केला. एका गोष्टीचा केला नाही, आणि ती गोष्ट शेंबड्या पोराला माहीत असते.

लग्नाच्या दिवशी पहाटेपासून मी खांबाशी होते. पांढऱ्याकडे झुकणारी साडी, बांगड्या नाहीत. येणारे-जाणारे बघायचे आणि नजर वळवायचे. जेवणघरातून सांबाराचा वास येत होता. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, म्हणाले, “काय बाई, कुणाचं काही... इथे कशा?” त्यांच्या बायकोला मी दोन वर्षांपूर्वी काढलं होतं. त्यांना खरंच वाटलं, कुणीतरी गेलं. “माझ्या मुलीचं लग्न आहे,” मी म्हणाले. ते घाईघाईनं पाणी प्यायला गेले.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. कडं दोनशेवर नेलं. आणि भव्या आली. पिवळी साडी, मुंडावळ्या, कपाळ घामानं चमकत होतं. इतकी जवळ, की वाटलं हात पुढे करून घाम पुसावा. जाऊबाई तिच्या शेजारी बसून तिचा पदर सारखा करत होत्या. ते माझं काम होतं. असू दे. मला काचेतून दिसत होतं सगळं. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. दिवा जिथे पाहिजे तिथे होता. मी श्वास रोखला.

मग गट्टीमेळ वाजली. मुहूर्ताला सनई-ढोल सगळं एकदम जोरात वाजवतात, त्याला इथे गट्टीमेळ म्हणतात. ती वाजली आणि छत्रातली सगळी माणसं अक्षता टाकायला उठून उभी राहिली.

उठणारच. लग्न आहे. तेव्हा सगळे उठतात, पुढे सरकतात, खुर्च्यांवर चढतात. हे मला माहीत नव्हतं का? नव्हतं. मी शेकडो लग्नं पाहिली होती, पण मंडपातून. रत्नाकरच्या बाजूला फ्लॅश धरून. तिथून उठलेल्या माणसांचे चेहरे दिसतात. मागून लग्न कसं दिसतं, ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि नवरा गेल्यावर लग्नाला मला बोलावलं कुणी?

काचेत पाठी आल्या. ब्लाउजांच्या पाठी, गजरे, टकलं, वर गेलेले हात. मी कडं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. अठ्ठावीसवर जास्त पाठी, दोनशेवर एकच पाठ, घामाच्या डागासकट. दोन-चार वेळा बटण दाबलं, वेड्यासारखं. आणि मला एकदम कळलं, मी काय विकत घेतलं होतं. रत्नाकरच्या दोन्ही लेन्स देऊन मी लांब उभं राहण्याची सोय आणली होती. त्यांनी खांब दाखवला आणि मी खांबाला शोभेल अशी काच शोधत हिंडले. त्यांना मला हाकलायचे कष्टसुद्धा पडले नाहीत.

मी कॅमेरा स्टँडवरून काढला आणि चालू लागले.

गर्दीत वाट मिळेल का, ही भीती फुकट होती. लोक अंग चोरून बाजूला होत होते. मुहूर्ताच्या वेळी माझ्या पदराचा वारा कुणाला नको होता. छत्राच्या मधून सरळ रस्ता झाला. एवढा मान मला सौभाग्यवती असताना मिळाला नाही.

मंडपाच्या पायरीशी पोचले तेव्हा व्यंकटेशचे हात तिच्या मानेमागे गेले होते. गाठ बसत नव्हती त्याची. भव्यानं मान वर केली आणि मला पाहिलं.

मला वाटलं होतं ती हसेल. निदान रडेल.

तिनं हात वर केला. तळवा माझ्याकडे, बोटं ताठ, मेंदी नुकतीच धुतल्यासारखी लाल.

“अम्मा, बेडा,” ती म्हणाली. आई, नको.

सनईच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसेल. मला गेलं. लेन्स अठ्ठावीसवर होती. मी तीन हातांवर होते, इतक्या जवळून कुठलीही लेन्स चालली असती. मी बटण दाबलं.

मग भावजींचा हात खांद्यावर पडला आणि त्यांनी मला मागे ओढलं. सकवारबाई ओरडत होत्या, “काढा तिला, काढा! माझ्या लेकाच्या मुळावर आली, आपला नवरा खाऊन बसली ती बसली!” जाऊबाईंनी भव्याच्या डोक्यावरून पदर ओढून तिचं तोंड झाकलं, माझी नजर लागू नये म्हणून. रविकुमारचा दिवा गरकन फिरून माझ्या डोळ्यांवर आला. त्या सगळ्यात व्यंकटेशनं गाठ मारली. नीट बसली. माझ्यामुळे एक मणी इकडचा तिकडे झाला नाही. पण ते कुणी बघितलं नाही.

भावजी मला दारापर्यंत घेऊन आले. “एक गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. एक.”

“मीही एकच मागितली होती भावजी.”

“पोरीला सासरी नांदायचंय.”

मी रिक्षा करून घरी आले.

रील लॅबमधून धुऊन आलं. खांबापासून काढलेले सगळे फोटो पाठींचे, तेही अंधारे. शेवटचा एक मात्र लख्ख. पुढे तळवा, मोठा, मेंदीची एकूण एक रेघ दिसणारा. त्याच्या मागे भव्याचं तोंड. मानेशी दोन पुरुषी हात. त्या तोंडावर जे होतं, ते मी मर्तिकाच्या घरांत पुष्कळ पाहिलंय, प्रेताच्या नाही, कोपऱ्यात बसलेल्या नव्या विधवांच्या. माझीच भीती वाटत होती माझ्या पोरीला. आणि ती भीती माझ्या घरात, माझ्या भाकरीवर वाढली होती. कुणी शिकवली, तर सगळ्यांनी. मीसुद्धा. ‘सरी’ म्हणाले तेव्हा ती कोपऱ्यात बसून ऐकत होती.

पंधरवड्यानं भव्या आली. व्यंकटेश खाली रस्त्यावर स्कूटर चालूच ठेवून थांबला. ती स्टुडिओत आली, बसली नाही. गळ्यात नवे मणी, हातभर हिरव्या बांगड्या. सासूला ती आता कन्नडमध्ये अत्ते म्हणत होती.

“अम्मा, अत्ते म्हणतात ती निगेटिव्ह जाळायचीय. घरात काही दुखलं-खुपलं की तुझं नाव निघतं. यांना ताप आला तर मला कोपऱ्यात बसवलं दिवसभर.”

“व्यंकटेश काय म्हणतो?”

“ते काय म्हणणार? ताप त्यांनाच होता.”

मी हसले. तीही हसली, अर्धं. मग रडली, तेही अर्धंच, कारण खाली हॉर्न वाजला.

मी निगेटिव्हची पट्टी काढून टेबलावर ठेवली, वर कात्री ठेवली. “मी नाही कापणार. तुला पाहिजे तर तू काप.”

मला वाटलं, ती नाही कापणार. तिनं पट्टी कडांनी धरली, लहानपणी शिकवली होती तशी, बोटाचा ठसा न उमटवता. उजेडाकडे धरून बघितली. बराच वेळ बघत होती. मग बरोबर दोन चौकोनांच्या मधल्या कोऱ्या रेघेवर कात्री चालवली, शेजारच्या पाठीला धक्का न लावता. तुकडा रुमालात गुंडाळला.

फोटोचं पाकीट तिथेच उघडं होतं. वरचाच फोटो तो. तिनं पाहिला. मी पाहिलं तिनं पाहिलेलं.

“आणि हा?” मी विचारलं.

“निगेटिव्हच मागितलीय त्यांनी.” तिनं फोटो उलटा करून पाकिटात सरकवला. “फोटोचं कुणी बोललं नाही.”

दारात वळून म्हणाली, “अम्मा, तू काही दिवस तिकडे येऊ नकोस. मीच येईन.”

आली नाही. संक्रांतीला एळ्ळु-बेल्ला, म्हणजे आपला तिळगूळच, त्याचा डबा तेवढा आला, भावजींच्या हातून. डबा ठेवून ते खुर्चीत बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, “येलहंक्याला एक मयत आहे. लांबच्या नात्यातली सून. जायला पाहिजे तुला.”

मी गेले. दुसरी लेन्स नव्हतीच, तीच लावली. मुलगी भव्याच्याच वयाची, नवरा जिवंत असताना गेलेली, म्हणून पुण्यवान. तिला नवरी केली होती. हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर मळवट, ओटी भरलेली. बायका रांगेनं येऊन तिच्या कपाळीचं कुंकू आपल्या कपाळी लावून घेत होत्या. मी सवयीनं दाराशीच उभी राहिले, भिंतीला धरून.

तिची सासू डोळे पुसत उठली, माझ्या दंडाला धरलं. “तिथे काय उभ्या अक्का? पुढे या. अशा समोर या.”

बायका सरकल्या. एकीनं तिच्या तोंडावर आलेला गजरा बाजूला केला, मला नीट दिसावं म्हणून.

“अजून जवळ या,” सासू म्हणाली. “काही होत नाही.”